वसईचा कोट आणि ब्राझीलमधील वसईकर

वसईच्या खाडीच्या मुखाशी, उत्तरेच्या काठावर, सुमारे ११० एकरांत पसरलेल्या किल्ल्याचा इतिहास मराठी वाचकाला बहुधा एका मोहिमेपुरता ठाऊक असतो, आणि ती मोहीम म्हणजे चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून तो जिंकून घेतला ती. त्या विजयाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याआधी दोनशेहून अधिक वर्षे या तटाच्या आत एक भरले नगर नांदत होते आणि त्या नगराचे धागेदोरे गोवा, मोझांबिक आणि मकाव यांच्याइतकेच अटलांटिक महासागरापलीकडच्या ब्राझीलशीही जुळलेले होते, ही बाजू त्या प्रकाशात झाकली जाते. ब्राझीलला जाणाऱ्या प्रवाशाला साल्वादोर, ओलिंदा, ओरू प्रेतू ही वसाहतकाळातील नगरे आजही पाहता येतात. तेथील मठांची आवारे, चर्चच्या दर्शनी भिंती आणि पायाखालच्या थडग्यांच्या शिळा वसईच्या माणसाला मुळीच परक्या वाटणार नाहीत, कारण एकाच राजसत्तेच्या आणि त्याच धर्मसंघांच्या हाताखाली दोन्हीकडची बांधकामे उभी राहिली. तेथे छपरे शाबूत आहेत आणि वसईत ती नाहीत, हा मात्र डोळ्यांत भरणारा फरक आहे, आणि तो का पडला हे समजून घेतल्याखेरीज वसईचा कोट पुरता पाहिला असे म्हणता येत नाही.

या संबंधाची सुरुवात १५३४ या एकाच वर्षात दिसते. गुजरातचा सुलतान बहादुरशाह एका बाजूने हुमायूनच्या वाढत्या बळामुळे आणि दुसऱ्या बाजूने पोर्तुगीज आरमारामुळे पेचात सापडला होता. गव्हर्नर नुनो द कुन्या याने १५३३ साली वसईवर हल्ला करून तेथील जुनी तटबंदी पाडलीही होती. अखेर २३ डिसेंबर १५३४ रोजी ‘सांव मातेउश’ म्हणजे ‘संत मत्तय’ नावाच्या लढाऊ जहाजावर तह झाला आणि त्यान्वये वसई व तिच्या ताब्यातील मुलूख, मुंबईच्या बेटांसह, पोर्तुगालच्या राजाकडे गेला. या घडामोडीत वावरणारा मार्तिम आफोंसो द सौझा हा सेनानी दोनच वर्षांपूर्वी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला होता. ब्राझीलच्या किनाऱ्यावर साओ व्हिसेन्ते ही पोर्तुगीजांची पहिली कायमची वसाहत त्याने १५३२ साली वसवली, तेथून मायदेशी परतून तो १५३४ साली हिंदी समुद्रातील आरमाराचा मुख्य म्हणून इकडे आला, त्याने दमणवर हल्ला केला आणि पुढे १५४२ ते १५४५ या काळात तो पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर झाला. त्याच्याबरोबर वैद्य म्हणून आलेला गार्सिया द ऑर्ता याने पुढे मुंबईचे बेट खंडाने घेतले आणि हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. एकाच माणसाच्या कारकिर्दीत साओ व्हिसेन्ते, दमण आणि गोवा ही तीन ठिकाणे येतात, यावरून त्या साम्राज्याच्या माणसांना समुद्र किती लहान वाटत असावा याची कल्पना येते.

मुलूख हाती आल्यावर तो राखायचा कसा, या प्रश्नाला मात्र दोन ठिकाणी दोन निरनिराळी उत्तरे मिळाली. ब्राझीलमध्ये राजा तिसरा जुआंव याने १५३४ सालापासून किनाऱ्याचे लांबच लांब पट्टे पाडून ते वंशपरंपरेने खाजगी सरदारांना दिले. या पट्ट्यांना ‘कापितानिया’ म्हणत आणि मार्तिम आफोंसोलाही त्यांतला वाटा मिळाला होता. वसईकडे तशी मोकळी भूमी नव्हतीच. येथे शतकानुशतके कसलेली भाताची खाचरे होती, मिठागरे होती, नारळी-केळीच्या वाड्या होत्या, आणि गावागावांत धाऱ्याची जुनी घडी बसलेली होती. म्हणून पोर्तुगीजांनी ती घडी फारशी न मोडता गावे आपल्या लोकांना ‘फोरो’वर दिली. फोरो म्हणजे दरसाल भरायचा ठरावीक खंड. गाव घेणाऱ्याने तो भरायचा, शिवाय प्रसंगी लढाईला उपयोगी पडावा म्हणून घोडा आणि शस्त्र बाळगायचे, आणि हा हक्क बहुधा तीन पिढ्यांपर्यंत चालायचा, अशी ती रीत होती. मुंबईतील ‘फोरास रोड’ या नावात तोच शब्द उरला आहे. खंड देणारा कुळंबी, मिठागरी आणि कोळी तोच राहिला. वर बसणारा धनी तेवढा बदलला, आणि त्या धन्याने आपले घर कोटाच्या आत बांधले. वसईच्या कोटातील श्रीमंती ही मुख्यतः आसपासच्या गावांच्या भाताची, मिठाची आणि लाकडाची श्रीमंती होती, हे तेथील पडक्या वाड्यांकडे पाहताना विसरता कामा नये.

कोटाची उभारणी १५३६ साली सुरू झाली. गार्सिया द सा हा पहिला कप्तान, म्हणजे किल्लेदार, नेमला गेला. पायाभरणीचा मान आंतोनियो गाल्व्हांव या सेनानीला मिळाला, जो पुढे ग्रंथकार म्हणून ओळखला गेला. प्रथम बांधला गेला तो आतला लहान बालेकिल्ला, आणि नगर वाढले तसा त्याच्याभोवती मोठा बहुकोनी तट पुढच्या कित्येक दशकांत उभा राहिला. या तटाचा घेर सुमारे दीड मैल आणि उंची तीस ते पस्तीस फूट आहे. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी आणि पूर्वेकडे दलदल असल्यामुळे खरी भीती होती ती उत्तरेच्या जमिनीकडून. बुरूज महाराष्ट्रातील गिरिदुर्गांसारखे गोल नाहीत, तर बाणाच्या फाळासारखे टोकदार कोनांचे आहेत, कारण तोफांच्या युद्धात गोल बुरुजाच्या पायथ्याशी जी आंधळी जागा राहते ती कोनी बुरुजापाशी राहत नाही आणि शेजारच्या बुरुजावरून तटाची संपूर्ण कड माऱ्याखाली ठेवता येते. इटलीत पंधराव्या-सोळाव्या शतकांत निघालेली ही रचना पोर्तुगीजांनी आफ्रिका, आशिया आणि ब्राझील या तिन्ही किनाऱ्यांवर नेली. बुरुजांना त्यांनी संतांची नावे दिली : सांव सेबास्तियांव, सांव पावलो, मादरे द देउश, म्हणजे देवमाता. जमिनीकडच्या दरवाजातून आत येणारी वाट सरळ नाही. ती वळणे घेत येते आणि प्रत्येक वळणावर दोन्ही बाजूंचे तट अंगावर येतात. बंदराकडचा दरवाजा मात्र व्यापारासाठी होता, आणि त्याच्याबाहेरचे किल्लाबंदर आजही कोळ्यांचेच आहे.

या तटाच्या आत राहणाऱ्यांनी वसईला ‘कोर्ते दो नोर्ते’ म्हणजे ‘उत्तरेचा दरबार’ असे म्हटले, कारण दमणपासून चौलपर्यंत पसरलेल्या पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचा सेनापती येथे राहत असे. मराठे याच मुलुखाला फिरंगाण म्हणत. इटालियन प्रवासी जेमेली कारेरी १६९५ साली येथे आला तेव्हा त्याला रुंद, सरळ रस्ते आणि चांगल्या इमारतींनी वेढलेला मोठा चौक दिसला, आणि साथीच्या रोगाने नगर ओसरत चालल्याचेही त्याने नोंदवले. डोमिनिकन, ऑगस्टिनियन, फ्रान्सिस्कन आणि जेझुइट या चार धर्मसंघांचे मठ, त्यांची चर्चे, अनाथ व गरिबांसाठी चालणारी ‘मिझेरिकोर्दिया’ ही संस्था, इस्पितळ, तुरुंग, बाजार हे सारे एका कोटात होते. संत जोसेफ यांचे मुख्य चर्च १५४६च्या सुमाराचे. गोव्याचे आर्चबिशप अलेशो द मेनेझेस यांच्या काळात, १६०१ साली, त्याचा जीर्णोद्धार झाल्याचे तेथील शिलालेख सांगतो. त्याच्या मनोऱ्यात एक चक्राकार दगडी जिना आहे, जो एका वेळी एकच माणूस चढू शकेल इतका अरुंद आहे. पायऱ्या मधोमध झिजलेल्या आहेत, आणि वर पोचल्यावर एका नजरेत समुद्र, खाडी, पाचूबंदरच्या होड्या आणि माडांच्या झावळ्यांतून डोकावणाऱ्या बिनछपराच्या भिंती दिसतात. ज्याला वसईचा नकाशा समजून घ्यायचा आहे त्याने तो येथून घ्यावा.

ही बांधकामे ज्या दगडाची आहेत त्याचीही स्वतंत्र कीर्ती होती. वसईचा काळा पाषाण घडाईला चांगला म्हणून तो गलबतांतून गोव्याला जात असे. गोव्याच्या स्थानिक जांभ्या दगडात नाजूक नक्षी टिकत नाही, म्हणून १६०५ साली पूर्ण झालेल्या बॉम जेझू बासिलिकेच्या दर्शनी भिंतीवरील कोरीव कामासाठी वसईचाच दगड वापरला गेला. हा दगड खाणीतून काढणारे पाथरवट, चुना मळणारे मजूर आणि जहाजे बांधणारे सुतार ही सारी याच भागातली माणसे होती. त्यांतल्या कुणाचेही नाव शिलालेखांत नाही. पोर्तुगीज शैली हा शब्द वापरताना आराखडा त्यांचा आणि हात येथल्यांचे, एवढे तरी म्हटले पाहिजे.

या वैभवाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो दो पोर्तो याने बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्यांचे चर्चमध्ये रूपांतर केले. वसईच्या पट्टीतील अनेक देवस्थाने याच काळात मोडली, हिंदूंच्या जाहीर धर्माचरणावर बंधने आली, आणि अनाथ मुलांना ख्रिस्ती धर्मात घेण्याचा कायदा लोकांना फार जाचला. सतराव्या-अठराव्या शतकांतील असंतोषाचे मूळ येथेच आहे. त्याबरोबर हेही खरे, की ज्या समाजांनी हा धर्म स्वीकारला त्यांनी आपली बोली, आपली शेती आणि आपले सणवार सोडले नाहीत. सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती समाज आजही आपापल्या बोलीत बोलतात, आणि जुन्या पिढीच्या तोंडी चर्चला ‘देऊळ’ असाच शब्द आहे. ब्राझीलशी असलेले नाते तर स्वयंपाकघरापर्यंत आले आहे. काजू आणि अननस हे दोन्ही शब्द ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत आले, आणि त्यांच्यामागोमाग ती झाडेही कोकणाच्या मातीत रुजली.

अठराव्या शतकात या साम्राज्याचे वजन एका पारड्यातून दुसऱ्या पारड्यात गेले. १६९०च्या दशकात ब्राझीलच्या अंतर्भागातील मिनास जेराइस या प्रदेशात सोने सापडले. तेथे १७११ साली विला रिका हे नगर, म्हणजे आजचे ओरू प्रेतू, अधिकृतपणे स्थापन झाले, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत सोन्याच्या वर्खाने मढवलेल्या वेदींची चर्चे तेथे उभी राहू लागली. लिस्बनचे लक्ष, माणसे आणि आशा त्या दिशेला वळल्या. हिंदुस्थानातील ठाणी मात्र अपुरी शिबंदी आणि रिकाम्या खजिन्यावर दिवस काढत होती. मराठ्यांनी १७३७ साली ठाणे आणि साष्टी घेतली तेव्हाच वसईचे भवितव्य दिसू लागले होते. चिमाजी अप्पांनी १७३९च्या फेब्रुवारीत वसईला मोर्चे लावले, तेव्हा किल्ल्यातील लोकांनी चर्चमधील चांदीची भांडी गहाण टाकून मुंबईकर इंग्रजांकडे पैशांसाठी हात पसरला, आणि मिळालेली मदत तुटपुंजी ठरली.

वेढा सुमारे तीन महिने चालला. कोनी बुरुजांमुळे सरळ हल्ले महागात पडत होते, म्हणून मराठ्यांनी वाळूतून चर खणत तटापर्यंत जाऊन सांव सेबास्तियांव बुरुजाखाली सुरुंग भरले. मे महिन्यात ते उडाले आणि पडलेल्या खिंडारातून हातघाईची लढाई झाली. किल्ल्याचा सेनानी मार्तिन्यो द सिल्व्हेरा आधीच तोफेच्या गोळ्याने पडला होता. त्याच्यानंतर सूत्रे हाती घेतलेल्या कायतानो द सौझा परेरा याने शरणागतीच्या अटींवर सही केली. मराठ्यांच्या बाजूला हजारो माणसे पडली होती, तरीही पराभूतांना शस्त्रे आणि चीजवस्तूंसह बाहेर पडण्यासाठी आठ दिवसांची मुदत मिळाली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना त्यांचा धर्म पाळण्याची मुभा राहिली. इतक्या रक्तपातानंतर पाळला गेलेला हा शब्द मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत अभिमानाच्या गोष्टींपैकी एक मानायला हवा. चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या, असे परंपरा सांगते. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातील मोठ्या घंटेवर १७२१ हे साल कोरलेले आहे आणि ती पोर्तुगीज घडणीची मानली जाते.

वसई पडली, आणि पुढे अवघ्या सहा वर्षांनी वसईचे नाव ब्राझीलमध्ये मोठ्या समारंभाने उच्चारले गेले. गोन्सालो गार्सिया हा वसईतच सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर जन्मलेला मुलगा. त्याचे वडील पोर्तुगीज आणि आई स्थानिक होती. कोटातील जेझुइटांच्या शाळेत तो शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, तेथे भाषा शिकून काही काळ त्याने व्यापार केला आणि पुढे मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. दीक्षित पाद्री म्हणून नव्हे, तर ज्यांना ‘ब्रदर’ म्हणतात त्या सेवकवर्गात. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेलेल्या शिष्टमंडळाचा दुभाषा म्हणून तो १५९३ साली जपानला परतला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांसह त्याला क्रूसावर चढवून मारण्यात आले. रोमने १६२७ साली या हुतात्म्यांना ‘धन्यवादित’ ही संतपदाच्या आधीची पायरी दिली. पूर्ण संतपद ८ जून १८६२ रोजी मिळाले, आणि गोन्सालो हा भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत ठरला.

ब्राझीलला त्याची ओळख त्याच्या हौतात्म्यापेक्षा त्याच्या आईमुळे जवळची वाटली. तेथे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या मधे एक मोठा मिश्रवंशीय वर्ग तयार झाला होता. त्याला ‘पार्दो’, म्हणजे सावळ्या रंगाचे, म्हणत. धार्मिक मंडळे, मिरवणुका आणि दफनाच्या जागासुद्धा रंगाप्रमाणे वेगवेगळ्या होत्या आणि पार्दो लोकांना गोऱ्यांच्या मंडळांत प्रवेश नव्हता. अशा समाजाला वसईच्या मिश्रवंशीय हुतात्म्यात आपला माणूस दिसला. रेसिफे या बंदरशहरात १७४५ साली पार्दो लोकांच्या मंडळाने त्याची मूर्ती स्थापून मोठा उत्सव केला, आणि त्या प्रसंगी फ्रान्सिस्कन पाद्री जाबोआतांव यांनी दिलेल्या प्रवचनात गोन्सालोची आई हिंदुस्थानची असल्यामुळे तो पार्दोच होय, असे सविस्तर प्रतिपादन केले. १७५१ साली ते प्रवचन लिस्बनमध्ये छापले गेले. पेनेदो या गावातील चर्चचे नावच ‘पार्दो लोकांचे संत गोन्सालो गार्सियाचे चर्च’ असे आहे. साओ जुआंव देल रेय येथेही त्याचे चर्च आहे, आणि रिओ द जानेरोच्या मध्यवस्तीत संत जॉर्जसह त्याच्या नावाने असलेले चर्च दर वर्षी २३ एप्रिलला गर्दीने फुलून जाते. येथे एक खुलासा आवश्यक आहे. रिओजवळच्या सांव गोन्सालो या मोठ्या शहराचे नाव वसईच्या गोन्सालोवरून नसून पोर्तुगालमधील आमारांते गावच्या एका जुन्या संतावरून पडले आहे. वसईच्या कोटातील १५८३ सालचे डोमिनिकन चर्चही त्याच जुन्या संताचे होते, त्यामुळे दोघांची गल्लत वसईतही होते.

कोटाची पुढची कहाणी थोडक्यात सांगता येते. मराठ्यांनी त्याला बाजीपूर असे नाव दिले आणि शंकराजी केशव यांच्याकडे सरसुभेदारी सोपवली; आत वज्रेश्वरी आणि नागेश्वर यांची देवळे झाली. जनरल गोडार्डने १७८० साली तो इंग्रजांसाठी जिंकला, सालबाईच्या तहाने तो मराठ्यांना परत मिळाला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेल्या ज्या तहाने पेशवाईचे स्वातंत्र्य गेले त्यालाही वसईचेच नाव चिकटले. एकोणिसाव्या शतकात कोटाच्या आतली जमीन उसासाठी खंडाने दिली गेली, साखरेचा कारखाना निघून बंद पडला, आणि छपरांची लाकडे व घडीव दगड इतरत्र गेले. जोसेफ जेरसन द कुन्या यांनी १८७६ साली चौल आणि वसईच्या अवशेषांवर ग्रंथ लिहिला तेव्हा बहुतेक पडझड होऊन चुकली होती.

ओरू प्रेतूमध्ये वस्ती कधीच तुटली नाही, म्हणून तेथील छपरे राहिली. वसईचे नगर मात्र एका वसंतात रिकामे झाले आणि नवी वस्ती कोटाबाहेर वाढली. ओरू प्रेतू १९८० साली जागतिक वारशाच्या यादीत गेले, ओलिंदा १९८२ साली, साल्वादोर १९८५ साली, गोव्याची चर्चे १९८६ साली. वसईचा कोट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील राष्ट्रीय स्मारक आहे, परंतु त्या यादीत तो नाही. त्याच्या पोटातून किल्लाबंदरकडे जाणारा रस्ता दिवसभर वाहता असतो आणि वसई-विरार महापालिकेच्या वाढत्या वस्तीतून सुट्टीच्या दिवशी तेथे मोठी गर्दी लोटते. बहुतेक लोक चिमाजी अप्पांच्या स्मारकाला वंदन करून, जेझुइट चर्चच्या उंच दर्शनी भिंतीसमोर छायाचित्रे काढून परततात. त्यांनी थोडे पुढे जाऊन फ्रान्सिस्कन चर्चच्या उंच कमानींखाली उभे राहावे. तेथील जमीन थडग्यांच्या शिळांनी बनलेली आहे. त्यांवर मृतांची नावे, हुद्दे आणि साले पोर्तुगीजमध्ये कोरलेली आहेत, पावसाने आणि पावलांनी त्यांतली कितीतरी अक्षरे पुसट झाली आहेत, आणि उरलेली वाचता यावीत म्हणून त्या शिळांच्या कडेने चालावे.